सौर संयंत्रे उभारणारा छोटा व्यावसायिक आणि बँकेचे अर्थसाहाय्य

सूर्यप्रकाशास मोल पडत नाही. तो विजेत रूपांतरित करणाऱ्या संयंत्रास मात्र पडते, आणि ते आरंभीच द्यावे लागते. वितरण कंपनीची वीज वापरणारा कारखानदार दरमहा जेवढी वीज वापरतो तेवढ्याचेच देयक भरतो. सौर संयंत्र बसविणारा कारखानदार पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या विजेची किंमत जणू एकरकमी मोजतो. त्यामुळे सौरऊर्जेच्या प्रसारात तंत्रज्ञानाइतकेच महत्त्व अर्थसाहाय्यास आहे.

११ जानेवारी २०१० रोजी राष्ट्रीय सौर अभियानाचा प्रारंभ झाला, तेव्हा २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट क्षमतेचे उद्दिष्ट ठरविण्यात आले होते. २०१५ मध्ये ते १,००,००० मेगावॅट करण्यात आले आणि त्यांपैकी ४०,००० मेगावॅट छपरांवरील संयंत्रांतून यावेत असे ठरले. जानेवारी २०२५ अखेर देशाच्या सौर क्षमतेने एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. तथापि त्यात सिंहाचा वाटा जमिनीवर उभारलेल्या विस्तीर्ण प्रकल्पांचा आहे. छपरांवरील ४०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठरल्या मुदतीत गाठता आले नाही.

छपरांवरील काम हे स्वरूपतःच विखुरलेले काम आहे. आज एका कापड कारखान्याचे छप्पर, उद्या शीतगृहाचे, परवा रुग्णालयाचे अथवा शाळेचे. प्रत्येक ठिकाणी जाऊन मोजमाप घेणे, आराखडा करणे, साहित्य आणणे, जोडणी करणे आणि वितरण कंपनीकडून मीटर बसवून घेणे ही कामे बहुतांशी त्या त्या शहरातील छोटे सौर कंत्राटदार करतात. त्यांपैकी अनेकजण पाच-दहा किलोवॅटची घरगुती कामे सफाईने करतात, परंतु शंभर किलोवॅटच्या व्यापारी कामाची मागणी आली की हात आखडता घेतात. कौशल्य असते, ग्राहकही असतो. उणीव असते ती काम हाती घेतल्यापासून पूर्ण पैसे मिळेपर्यंतच्या काळात पुरेल अशा भांडवलाची. ही उणीव नेमकी कोठे निर्माण होते आणि बँकेच्या साहाय्याने ती कशी भरून काढता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन कर्जे, दोन स्वभाव

व्यापारी सौर प्रकल्पात कर्जाची गरज दोघांना असते आणि ती परस्परांहून भिन्न असते. संयंत्राचा मालक म्हणजे कारखानदार अथवा संस्था. त्यास लागते ते मुदत कर्ज. संयंत्रामुळे वीजबिलात जी बचत होते, तिच्यातून अनेक वर्षांत त्याची परतफेड व्हावयाची असते. कंत्राटदार मात्र संयंत्राचा मालक नसतो. त्यास लागते ते खेळते भांडवल, आणि त्याची परतफेड ग्राहकाकडून येणाऱ्या देयकांच्या रकमेतून काही महिन्यांतच व्हावयाची असते.

हा भेद वरकरणी साधा दिसतो, परंतु तो दृष्टीआड झाला की दोघेही अडचणीत येतात. कंत्राटदाराने आपल्या नावे मुदत कर्ज काढून ग्राहकाच्या छपरावर साहित्य लावले, तर कर्ज एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याची अशी स्थिती होते. संयंत्र स्वतःच्या मालकीचे ठेवून ग्राहकास केवळ वीज विकण्याची पद्धतही प्रचलित आहे. मात्र त्या पद्धतीत कंत्राटदार हा दीर्घ मुदतीचा वीजपुरवठादार बनतो, आणि त्यास भागभांडवल, वीजखरेदी करार व ग्राहकाची दीर्घकालीन पत यांचा वेगळाच विचार करावा लागतो. उभारणीच्या व्यवसायाचे खेळते भांडवल अशा प्रकल्पात गुंतविणे म्हणजे दोन डगरींवर हात ठेवणे होय.

ग्राहकाच्या कर्जाचा हिशोब

उदाहरणादाखल १०० किलोवॅटचे संयंत्र घेऊ. हिशोबाच्या सोयीसाठी त्याची किंमत, कर वगळून, ४० लाख रुपये धरू. एक किलोवॅटपासून दिवसास सरासरी ४ युनिट वीज मिळते असा स्थूल ठोकताळा आहे. त्यानुसार वर्षास १,४६,००० युनिट होतात. पावसाळा, धूळ व बिघाड यांसाठी काही वजावट करून आपण १,४०,००० युनिट धरू. वीजदर युनिटास ७ रुपये मानल्यास वार्षिक बचत ९ लाख ८० हजार रुपये होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विद्युत ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, १० किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून दिवसातील वेळेनुसार वीजदर लागू करावयाचे आहेत आणि सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी ठेवावयाचा आहे. सौर संयंत्र जेव्हा वीज निर्माण करते, नेमकी तेव्हाच बाहेरची वीज स्वस्त असते. म्हणजे ७ रुपयांऐवजी ५ रुपये ६० पैसे या दराने बचत मोजावयास हवी. तशी ती मोजल्यास ७ लाख ८४ हजार रुपये होते. प्रत्येक राज्याच्या वीज नियामक आयोगाचे आदेश निरनिराळे असल्याने ग्राहकाच्या चालू बिलावरूनच हा हिशोब करणे श्रेयस्कर.

आता किमतीच्या ७० टक्के, म्हणजे २८ लाख रुपये, कर्ज १० टक्के दराने घेतले असे समजू. पाच वर्षांची मुदत ठेवल्यास वार्षिक हप्ते सुमारे ७ लाख १४ हजार रुपये होतात. बचत जेमतेम त्याहून अधिक, आणि देखभाल व विम्याचा खर्च तर अद्याप धरलेलाच नाही. मुदत सात वर्षांची केल्यास वार्षिक हप्ते सुमारे ५ लाख ५८ हजारांवर येतात आणि बचत हप्त्यांच्या १.४ पट राहते. एकूण व्याज अधिक पडते हे खरे, तथापि एखादे वर्ष मंदीचे गेले तरी हप्ता चुकत नाही. कंत्राटदाराने आपल्या प्रस्तावात बचतीचा आकडा फुगवून दाखविला, तर त्याचा भार पुढे ग्राहकाच्या हप्त्यावर पडतो, हे दोघांनीही ध्यानी ठेवावे. व्यापारी ग्राहकास केंद्राच्या घरगुती छत योजनेतील अनुदान मिळत नाही. त्यास मिळणारा लाभ मुख्यतः वीजबचतीचा आणि आयकरातील वाढीव घसाऱ्याचा. हा घसारा पूर्वी ८० टक्के होता. १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्क्यांवर आणण्यात आला.

नफा मीटरपाशी थांबतो

हेच काम आता कंत्राटदाराच्या बाजूने पाहू. त्याच्या ४० लाखांच्या देयकात पॅनेलचा खर्च २० लाख, इन्व्हर्टरचा ४ लाख, सांगाडा, केबल व अन्य साहित्याचा ७ लाख आणि मजुरी, वाहतूक व परवानग्यांचा ५ लाख आहे असे समजू. एकूण खर्च ३६ लाख आणि नफा ४ लाख. ग्राहकाशी ठरलेले टप्पे असे आहेत: मागणीबरोबर २० टक्के, साहित्य जागेवर पोहोचल्यावर ५० टक्के, जोडणी पूर्ण झाल्यावर २० टक्के आणि नेट मीटर बसून संयंत्र सुरू झाल्यावर १० टक्के.

पहिले ८ लाख हाती येतात. त्यातून ७ लाखांचे सांगाडा व केबलचे साहित्य घेतले की १ लाख उरतो. मग पॅनेल व इन्व्हर्टरसाठी २४ लाख द्यावे लागतात. छोट्या कंत्राटदारास उत्पादक अथवा वितरक सहसा उधार देत नाहीत. पैसे जमा झाल्यावरच माल निघतो. या क्षणी त्याच्या खिशातून २३ लाख रुपये बाहेर गेलेले असतात. साहित्य पोहोचून २० लाख मिळाले की तूट ३ लाखांवर येते, मजुरी व इतर खर्च झाला की पुन्हा ८ लाख होते आणि जोडणीनंतरचा हप्ता आला की ती शून्य होते. ज्यासाठी हा सारा खटाटोप केला तो ४ लाखांचा नफा अद्याप आलेलाच नसतो. तो शेवटच्या हप्त्यात असतो, आणि तो हप्ता वितरण कंपनीच्या मीटरपाशी थांबलेला असतो.

मीटर बसविणे कंत्राटदाराच्या हाती नसते. विद्युत ग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतच्या संयंत्रांचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यता तपासणीविना मान्य समजावेत, असे ठरले. त्याहून मोठ्या संयंत्रांसाठी या तपासणीची मुदत २० दिवसांवरून १५ दिवसांवर आली. तपासणीनंतरही करारनामा, विद्युत निरीक्षकांची मान्यता जेथे लागू असेल तेथे ती, मीटरची चाचणी आणि प्रत्यक्ष जोडणी हे टप्पे उरतातच. त्यात वस्तू व सेवा कराची भर पडते. सौर संयंत्राच्या उभारणी कंत्राटात ७० टक्के मूल्य वस्तूंचे व ३० टक्के सेवेचे धरले जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरील कर १२ वरून ५ टक्के झाल्याने, सेवेवरील १८ टक्के धरून, एकूण भार ८.९ टक्के पडतो. देयक दिले की, इतर खरेदीवरील कर वजा जाता, उरलेला कर शासनाकडे भरावा लागतो. मग ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत.

अशा वेळी अनेक कंत्राटदार नव्या ग्राहकाच्या आगाऊ रकमेतून जुन्या ग्राहकाचे काम पूर्ण करतात. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याचा हा प्रकार कामे वाढत असेतो निभावतो. एक नवे काम लांबणीवर पडले की मागील दोन कामे अर्धवट राहतात, आणि ज्या छपरावर नुसता सांगाडा उभा राहिला आहे त्या ग्राहकाचा विश्वास उडतो. नफ्यातील व्यवसाय रोकड नसल्यामुळे बुडतो तो असा.

प्रचलित मर्यादा अपुरी का पडते

लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका नायक समितीची उलाढाल पद्धत दीर्घकाळ वापरीत आल्या आहेत. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही गरज मानावयाची, त्यातील २० टक्के बँकेने व ५ टक्के उद्योजकाने द्यावयाचे. या पद्धतीत भांडवल वर्षातून चार वेळा फिरते असे गृहीत धरलेले आहे. वर्षात अशी तीन कामे करणाऱ्या कंत्राटदाराची उलाढाल १ कोटी २० लाख रुपये होते. त्यावर बँकेची मर्यादा २४ लाख रुपये ठरते. वरील उदाहरणातील एका कामाची कमाल तूट २३ लाख आहे. म्हणजे एका वेळी एकच काम करता येते. दोन कामे एकाच महिन्यात आली की गरज ४६ लाखांवर जाते. नायक पद्धत ही किमान मर्यादा सांगते; व्यवसायाचे चक्र दीर्घ असेल तर प्रत्यक्ष गरजेनुसार मूल्यमापन करण्यास बँकेस मोकळीक आहे.

दुसरी अडचण उचल क्षमतेची. कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम मिळते ती गोदामातील माल व येणे असलेली देयके यांच्या आधारे. सौर कंत्राटदाराचे पॅनेल त्याच्या गोदामात येतच नाहीत. ते थेट ग्राहकाच्या छपरावर जातात. पुरवठादारास दिलेली आगाऊ रक्कम मालसाठ्यात मोडत नाही. म्हणून ज्या आठवड्यात पैशाची गरज सर्वाधिक, त्याच आठवड्यात कागदोपत्री त्याची उचल क्षमता सर्वांत कमी दिसते. शाखेतील सहकाऱ्यांनी मासिक मालसाठा विवरणपत्र तपासताना हे वैशिष्ट्य जाणून घ्यावे.

उपाय कोणते

पहिला उपाय साखपत्राचा. पॅनेलच्या पुरवठादाराच्या नावे ६० वा ९० दिवसांच्या मुदतीचे साखपत्र दिल्यास पुरवठादारास बँकेची खात्री मिळते आणि कंत्राटदारास रोख रक्कम तत्काळ द्यावी लागत नाही. वरील उदाहरणात २० लाखांचे पॅनेल साखपत्रावर आले, तर त्या क्षणाची तूट २३ लाखांवरून ३ लाखांवर येते, आणि साखपत्राची मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाचा ५० टक्क्यांचा हप्ता येऊन पोहोचतो. शाखेने तो हप्ता साखपत्राच्या दायित्वासाठी राखून ठेवावा. तो अन्य कामाकडे वळला तर मूळ हेतूच विफल होतो.

दुसरा उपाय दोन कर्जांची सांगड घालण्याचा. ग्राहकाने मुदत कर्ज घेतले असेल, तर बँकेने त्याचे वितरण टप्प्यांनुसार थेट कंत्राटदाराच्या अथवा पुरवठादाराच्या खात्यात करावे. ग्राहकाचे खाते अन्य बँकेत असल्यास, देयकांची रक्कम कंत्राटदाराच्या कर्जखात्यातच जमा करण्याचे लेखी संमतिपत्र ग्राहकाकडून घ्यावे. असे पत्र हाती असले की त्या विशिष्ट कामापुरती वेगळी मर्यादा मंजूर करणे बँकेस सुकर होते.

तिसरा उपाय बँक हमीचा. ग्राहक आगाऊ रक्कम देण्यास कचरतो किंवा देखभालीच्या काळासाठी काही रक्कम रोखून धरतो, त्यामागे कंत्राटदार काम सोडून जाईल ही धास्ती असते. आगाऊ रकमेची हमी वा कार्यपूर्तीची हमी दिल्यास ती धास्ती दूर होते आणि अडकलेली रक्कम मोकळी होते.

चौथा उपाय मोठ्या ग्राहकांच्या देयकांबाबत. रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने चालणाऱ्या ट्रेड्स या मंचांवर लघुउद्योजकाचे देयक खरेदीदाराने स्वीकारले की वित्तसंस्था त्यावर बोली लावून रक्कम देतात. पुढे खरेदीदाराने पैसे थकविले तरी ते विक्रेत्याकडे मागता येत नाहीत. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी करणे नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले आहे.

तारणाचा प्रश्न

छोट्या कंत्राटदाराकडे यंत्रसामग्री थोडी आणि मालमत्ता त्याहून थोडी. अशा उद्योजकांसाठी केंद्र शासन व सिडबी यांनी २००० साली सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी पत हमी न्यास स्थापन केला. त्याच्या हमीची कमाल मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून २ कोटींवरून ५ कोटी आणि १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये करण्यात आली. रोख कर्जाबरोबरच साखपत्र व बँक हमी यांसारख्या सुविधाही या हमीखाली येऊ शकतात. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ही हमी कर्ज बुडाल्यास बँकेच्या हानीचा काही भाग भरून देते. कर्जदाराचे देणे त्यामुळे माफ होत नाही.

नवोदितांसाठी २०१५ पासूनची प्रधानमंत्री मुद्रा योजना आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘तरुण प्लस’ हा गट सुरू झाला असून, ‘तरुण’ गटातील कर्जाची यशस्वी परतफेड करणाऱ्यांना २० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. बँकेच्या दृष्टीने पाहता, अपारंपरिक ऊर्जा प्रकल्पांसाठीची प्रत्येक कर्जदारास ३५ कोटी रुपयांपर्यंतची कर्जे १ एप्रिल २०२५ पासून अग्रक्रम क्षेत्रात गणली जातात. पूर्वी ही मर्यादा ३० कोटी होती. उद्यम नोंदणी असलेल्या कंत्राटदाराचे खेळते भांडवलही सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून अग्रक्रम क्षेत्रातच येते.

पूर्वानुभव काय सांगतो

सौर कर्जाचा मार्ग आपल्या देशातील बँकांना सर्वस्वी अपरिचित नाही. २००३ साली संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या साहाय्याने कॅनरा बँक व सिंडिकेट बँक यांनी कर्नाटकात घरगुती सौर दिव्यांसाठी कर्जयोजना सुरू केली होती. (सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली.) ग्राहकांस व्याजात सवलत होती, परंतु तितकीच महत्त्वाची गोष्ट अशी, की संयंत्रे पुरविणारे विक्रेते पारखून निवडले जात. दिवा बंद पडला की हप्ता बंद पडतो, हे त्यामागील साधे सूत्र होते. आजच्या शंभर किलोवॅटच्या संयंत्रासही ते लागू आहे. कंत्राटदाराची गुणवत्ता हे ग्राहकाच्या कर्जाचे अलिखित तारण असते.

कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी

कंत्राटदाराने शाखेत येताना पुढील गोष्टींची सिद्धता ठेवल्यास निर्णय लवकर होतो.

१. उद्यम नोंदणी, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, आयकर विवरणपत्रे व ताळेबंद. विवरणपत्रांतील विक्री आणि बँक खात्यातील जमा यांचा मेळ बसावयास हवा.

२. पूर्ण केलेल्या कामांची यादी: क्षमता, मागणीची तारीख, मीटर बसल्याची तारीख आणि अंतिम रक्कम मिळाल्याची तारीख. या तीन तारखांवरून व्यवसायाचे खरे चक्र किती दिवसांचे आहे ते बँकेस कळते.

३. हाती असलेल्या प्रत्येक कामाचा आठवडावार रोख प्रवाह. वर दिलेला हिशोब वहीच्या एका पानावर मावतो.

४. ग्राहकाशी झालेला लेखी करार. त्यात टप्पे व रक्कम देण्याची मुदत स्पष्ट असावी. शेवटचा हप्ता केवळ मीटरवर अवलंबून न ठेवता, कंत्राटदाराच्या हाती नसलेल्या कारणाने विलंब झाल्यास ठराविक दिवसांनंतर तो देय होईल असे कलम असावे.

५. छपराची मालकी अथवा भाडेकरार, बांधकाम अभियंत्याचा भारक्षमतेचा दाखला आणि सावलीचा अभ्यास.

६. पॅनेल केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त यादीतील असल्याचा पुरावा. ही अट १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली असून नेट मीटरिंगच्या प्रकल्पांनाही ती लागू आहे. चुकीचे पॅनेल आणल्यास मीटरच अडतो.

७. वाहतूक व उभारणी काळातील विमा. पॅनेल छपरावर चढविताना अथवा वादळात फुटले, तर कंत्राटदाराचा वर्षाचा नफा एका दिवसात जाऊ शकतो.

व्याजदर, मार्जिन व मुदत यांच्या अटी कर्जदाराच्या पतमानांकनानुसार व बँकेच्या त्या वेळच्या धोरणानुसार ठरतात. त्यांची चौकशी नजीकच्या शाखेत करावी. आणि ती मागणी स्वीकारण्यापूर्वी करावी. पुरवठादाराचे पैसे द्यावयाच्या आदल्या दिवशी आलेल्या अर्जास बँक न्याय देऊ शकत नाही.

ग्राहकांसही एक विनंती. सर्वांत कमी दराचे अंदाजपत्रक निवडताना कंत्राटदार ते काम कोणत्या भांडवलावर पूर्ण करणार आहे, हे अवश्य विचारावे. ठरलेल्या दिवशी हप्ता देणे हे उपकार नव्हेत. आपल्याच छपरावरील काम वेळेत पूर्ण होण्याची ती पूर्वअट आहे. पुढील अनेक वर्षे संयंत्र धुण्यापुसण्यास, इन्व्हर्टर दुरुस्त करण्यास तोच माणूस यावयाचा असतो. त्याचा व्यवसाय टिकला, तरच पॅनेलच्या पंचवीस वर्षांच्या हमीस अर्थ उरतो.